तुसाची धुरी

भिकू : फोनवर बोलत हुतो म्हनता, मग फोन हितं वट्यावर कसा? आत शेडात कुनाशी बोलत हुता अण्णा?

हैबतराव : कुणाशी नाही. मापं मोजत होतो. मोठ्याने मोजली की चुकत नाहीत.

भिकू : मापं मोजनारा आकडं बोलतो. तुमी म्हनत हुता, मग आमची बदली झाली. आन गप. जरा यळानं पुन्ना सुरू. मधी कुनी काय इचारल्यावानी.

हैबतराव : वय झालं की माणूस स्वतःशी बोलतो.

भिकू : मीबी बोलतो. बैलाशी बोलतो. पन थांबून उत्तर ऐकत न्हाई.

हैबतराव : भाताचं तूस आणलंस का?

भिकू : दोन पोती. गिरनीवाला इचारत हुता, हैबतरावांनी कोंबड्या पाळल्या का काय, अकरा दिस झालं तूसच नेतुयास. म्हनलं न्हाई, होडी शेकत्यात.

हैबतराव : हसला असेल.

भिकू : समदं कोळवन गाव हसतंय. समिंदर ताम्हिणीच्या खाली, आन ह्यो मानूस भाताच्या खाचराकडंला सव्वीस फुटाची शिडाची होडी बांधतुया.

हैबतराव : ऑक्टोबरात ट्रेलरवर घालून दिघी बंदराला नेली की हसायचे थांबतील. डिसेंबरात ईशान्येचा वारा लागतो. तो थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेतो. मोम्बासा. चार आठवडे धर.

भिकू : एकलंच.

हैबतराव : दोघांसाठी आखली होती. मी नेव्हीत एकवीस वर्षं समुद्रावर काढली, ती क्वार्टरात. तिने समुद्र बघितला तो धक्क्यावरून, मला सोडायला आली तेव्हा.

भिकू : वहिनीला जाऊन चौदा म्हैनं झालं. गेली तवा तुमी म्हनला, आता ही होडी फोडून चुलीत घालतो. मग वरीसभर हिच्याकडं बघितलं न्हाई. आन पाऊस लागल्यापासनं बघतो तर दिस उगवला की आत.

हैबतराव : बाहेरून रेझिनचे, पाणी न शिरू देणाऱ्या लेपाचे, दोन थर झालेत. आतून राहिलाय. या हवेत लाकूड ओलं राहतं, रेझिन लावलं की पांढरं पडतं आणि चिकट राहतं. लाकूड गरम पाहिजे. तूच तर सांगितलंस तूस धुमसत ठेवा म्हणून.

भिकू : सांगितलं की. गोठ्यात आमी तेच करतो. घमेल्यात खाली गवरी, वर तूस. जाळ न्हाई काय न्हाई, दिसभर धुमसतंय. डास पळत्यात, जनावर कोरडं ऱ्हातंय. पन अण्णा, एक सांगू का?

हैबतराव : सांग.

भिकू : माजी काळी कुत्री होडीखाली निजायची. आता दारातनं आत बघती आन मागं सरती. भाकरी दावली तरी येत न्हाई. आन काल कोपऱ्यात चार उंदीर मेल्यालं घावलं.

हैबतराव : कुणी औषध घातलं असेल.

भिकू : कोन घालनार? हितं तुमी आन मी. आन औषिद खाल्ल्यालं उंदीर तडफडून मरतंय, वाकडंतिकडं पडतंय. ही निजल्यावानी. एकाला एक लागून, पोटाशी पाय घिऊन.

हैबतराव : टाकून दिलेस का?

भिकू : टाकलं. तुमचं तोंडबी बघा जरा आरशात. लाल झालंया, कुनी वळखीचं नसंल तर म्हनंल सकाळीच घेतलीया.

हैबतराव : डोकं दुखतं थोडं. गोळी घेतली आहे.

भिकू : रोज दुखतंय. पोरीला, दिशाला सांगितलं का?

हैबतराव : ती हिंजवडीत, तिचं काम तिला कमी आहे का. आज दोन घमेली ठेव. एक मागे, एक पुढे टोकाला, नाळेखाली.

भिकू : दोन कशाला?

हैबतराव : पुढचं टोक ओलं आहे. तिथे ऊब पोचत नाही.

भिकू : ठिवतो. पर जास्त धूर व्हतोय म्हनलात तर मंग मला बोलू नका. आन दहा वाजता आमची रंभी चा दिल, मी घिऊन यीन. भाताची लावनी हितं वरच्याच खाचरात हाय.

हैबतराव : चहा नको. हाक मारू नकोस. मी येईन बाहेर माझा मी. आणि जाताना दार घट्ट लाव. खाली पोतं टाक. उघडं राहिलं की ती...

भिकू : ती काय?

हैबतराव : ती दमट हवा शिरते.

(चार दिवसांनी, सोमवारी सकाळी. त्याच शेडबाहेरचा ओटा.)

दिशा : दोन दिवस ऑक्सिजनवर होतात बाबा. परवा घरी आलात, आणि आज मी चहा ठेवेपर्यंत तुम्ही पुन्हा इथे.

हैबतराव : ओट्यावर बसलोय. आत गेलो नाही.

दिशा : कारण कुलूप मी लावलंय.

हैबतराव : किल्ली दे.

दिशा : आधी बोलू. भिकूकाका, तुम्ही तिकडे आंब्याखाली का उभे? भिजताय. इकडे या ना.

भिकू : हितंच बरं हाय पोरी.

दिशा : त्या दिवशी तुम्ही नसता आलात तर आज मी काय करत असते कुणास ठाऊक. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास.

भिकू : माजंच चुकलं. तूस धुमसत ठिवा म्याच सांगितलं. आज्यापंज्यापासनं गोठ्यात ठिवतो, कधी एक वासरू मेलं न्हाई. पर गोठ्याला काटक्यांचा कूड असतोय, कुडातनं वारं खेळतंय. हितं चारी बाजूंनी प्लास्टिक, वरनं खाली पोतं कोंबल्यालं. ती अक्कल मला आली न्हाई.

दिशा : तुम्हाला कशी येणार? त्या वायूला वास नसतो. डॉक्टर म्हणाले, धूर डोळ्यांना कळतो, कार्बन मोनॉक्साइड कशालाच कळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, तोंड लाल होतं, भास होतात. मग माणूस झोपतो आणि उठत नाही. तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं काका. यांना होतं.

हैबतराव : मी रेझिनच्या नादात होतो.

दिशा : रेझिनचंच बोलू. काल मी रेझिनच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या वडिलांना पंधरा दिवसांपूर्वीच रेझिनमध्ये मिसळायचा, पावसाळ्यात चालणारा हार्डनर दिलाय. ओल्या हवेतही धरतो, शेकायची गरज नाही. मी आत जाऊन डबा बघितला. सील तसंच आहे.

हैबतराव : नवीन माल. खात्री वाटली नाही.

दिशा : नेव्हीत बंद टाकीत उतरायचं असलं की काय काय करायचं, ते मला लहानपणी तुम्हीच सांगायचात. आधी हवा खेळवायची. कमरेला दोर बांधायचा. वर एक माणूस उभा ठेवायचा. मला पाठ झालं होतं ते. तुम्हाला कधी कळलं?

हैबतराव : काय कधी कळलं?

दिशा : की आत वायू साठतोय.

हैबतराव : उंदीर मेले तेव्हा.

दिशा : ते कधी मेले?

भिकू : बुधवारी.

दिशा : म्हणजे गुरुवारी तुम्ही माहीत असून आत बसलात. दोन घमेली पेटवून.

हैबतराव : हो.

भिकू : आन पोतं मला टाकाय लावलं.

हैबतराव : हो. त्याची तुझ्याकडे माफी मागायची राहिली आहे, भिकू.

दिशा : बाबा, तुम्हाला मरायचं होतं का? सरळ सांगा. मी रडणार नाही.

हैबतराव : नाही. मरायला इतका खटाटोप लागत नाही. मला थोडा वेळ पाहिजे होता. अर्धा तास, पाऊण तास. मी अंदाज बांधला होता, तो चुकला.

दिशा : कशासाठी वेळ?

हैबतराव : तुझी आई बोलते आत.

दिशा : काका, तुम्हाला हे माहीत होतं?

भिकू : मला म्हाईत न्हाई म्हनून कसं सांगू. बोलताना ऐकलं हुतं ह्येंना.

हैबतराव : धुरी लावल्याच्या तिसऱ्या दिवशी. मी मागच्या बाजूला घासकागद मारत होतो. पुढे नाळेच्या टोकात माणूस वाकूनच शिरतो, तेवढीच जागा आहे. तिथून तिने विचारलं, कोण आहे?

दिशा : तो भास होता. मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की...

हैबतराव : डॉक्टर सांगत होते तेव्हा मीही तिथेच होतो. भास असेल. आवाज तिचा होता. घशात नळी घालायच्या आधीचा. मी म्हटलं, मी आहे. ती म्हणाली, मी म्हणजे कोण?

दिशा : बाबा.

हैबतराव : तुला आठवतंय ना, दवाखान्यातले शेवटचे तीन आठवडे. तू आलीस की तुला ओळखायची. भिकूची रंभाबाई आली, तिला ओळखलं, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. मला नाही ओळखलं. मला ती वॉर्डबॉय समजायची. भाऊ, पाणी द्या. भाऊ, ती खिडकी लावा. आणि पाणी दिलं की थँक्यू म्हणायची. पस्तीस वर्षांच्या संसारात मला एकदाही थँक्यू म्हणाली नव्हती.

दिशा : डोक्यात गाठ होती तिच्या. ती तरी काय करणार?

हैबतराव : मी तिच्यावर रागावलेलो नाही. पण ती गेली तेव्हा तू रस्त्यात होतीस. खोलीत मी एकटा. म्हणजे तिच्या लेखी तिचं माणूस तिथे कुणी नव्हतं. एक वॉर्डबॉय होता, तो हात धरून बसला होता. तो का धरतोय हे तिला कळलं नसेल. कदाचित भीतीही वाटली असेल.

दिशा : हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

हैबतराव : बोलून काय झालं असतं? म्हणून तिने बोटीत विचारलं, मी म्हणजे कोण, तेव्हा मी ठरवलं, पहिल्यापासून सांगू. घाई करायची नाही. सासवडला आमचं लग्न झालं, म्हटलं. मांडवाच्या कापडाला पेट्रोमॅक्स लागून आग लागली होती आणि तिच्या मामांनी वरणाचं पातेलं ओतून विझवली. ती हसली. म्हणाली, बरं, पुढे?

दिशा : हसली.

हैबतराव : परक्या माणसाची गंमत ऐकून हसावं, तशी. मग रोज थोडं. विशाखापट्टणमचं क्वार्टर. शेजारच्या तेलुगू बाईने तिला पेसरट्टू, म्हणजे मुगाचा डोसा, शिकवला आणि हिने तिला पिठलं. मी सहा सहा महिने बाहेर. ती ऐकायची. मधे विचारायची, मग त्या बाईने काय केलं एकटीने? मी सांगायचो, तिने असं असं केलं. दार उघडलं, वारा आला की गप्प व्हायची. तूस जास्त घातलं की आवाज जवळ यायचा.

दिशा : जवळ म्हणजे?

हैबतराव : पहिल्या दिवशी नाळेतून. गुरुवारी माझ्या शेजारच्या फळीवरून.

दिशा : तुम्ही बघितलंत तिकडे?

हैबतराव : नाही. बघितलं तर जाईल असं वाटलं.

दिशा : गुरुवारी काय म्हणाली?

हैबतराव : मी तुझ्या जन्मापर्यंत आलो होतो. त्याच्याही थोडा पुढे. ती म्हणाली, थांबा. तुमचा आवाज मी कुठेतरी ऐकलाय. त्यानंतरचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडावर मास्क आणि तू.

दिशा : म्हणून तुम्हाला पुन्हा आत जायचंय.

हैबतराव : दिशा, थोडंच राहिलंय. एवढं सांगून झालं की ती ओळखेल. एकदा ओळखलं की झालं. मी स्वतःच्या हाताने हे प्लास्टिक काढीन. हार्डनर वापरीन. डिसेंबरात जाईन नाही तर तू म्हणशील तर जाणारही नाही.

दिशा : तुम्ही मोम्बासाला जा. अंटार्क्टिकाला जा. मी कधी अडवलं? शेडचं बोलतेय मी.

हैबतराव : एकदाच. या वेळी सगळं नीट करू. कमरेला दोर बांध माझ्या. दुसरं टोक घेऊन तू दारात बस, घड्याळ धर. दहा मिनिटं. दर दोन मिनिटांनी दोर ओढ, मी उलट ओढीन. नाही ओढला तर खेच बाहेर.

दिशा : तुमचा अंदाज एकदा चुकलाय. आणि डॉक्टरांनी बजावलंय, रक्तातून विष उतरलं तरी पुन्हा तोच वायू घेतला तर हृदय किती सोसेल सांगता येत नाही.

हैबतराव : दहा मिनिटांचं नव्हते बोलत ते.

दिशा : मिनिटं मोजून नव्हते बोलत.

हैबतराव : तू नाही म्हण. मग मी काही बोलणार नाही. पण तुझं ऑफिस आहे, तू संध्याकाळी जाशील. तूस इथे दोन पोती पडलंय. मी खोटं बोलत नाही तुझ्याशी.

दिशा : बाबा, तिचा आवाज... म्हणजे अगदी तिचा?

हैबतराव : अगदी.

दिशा : माझ्याकडे तिचा एकच व्हॉइस मेसेज आहे. कोथिंबीर आण म्हणून. सात सेकंदांचा.

हैबतराव : मला माहीत आहे. तू बाथरूममध्ये ऐकतेस.

दिशा : दोघं बसलो तर? दोर काकांच्या हातात देऊ. तुम्हाला नाही ओळखलं तरी मला ओळखायची ती. मी सांगेन तिला, आई, हे बाबा आहेत. एका मिनिटात होईल. पाच मिनिटंसुद्धा लागणार नाहीत.

भिकू : पोरी, तू आत जायाचं न्हाई.

दिशा : काका, मी फक्त म्हणून बघितलं.

भिकू : म्हनून बघितलं न्हाई, किल्ली काढलीस खिशातनं. हातात हाय बघ. दे ती हिकडं.

हैबतराव : भिकू, हे आमच्या घरातलं आहे.

भिकू : घरातलं हाय म्हनूनच चार दिस त्वांड मिटून आंब्याखाली उभा हाय. रंभीलाबी सांगितलं न्हाई. आता सांगतो, मग काय जाळायचं ते जाळा.

दिशा : काय सांगताय?

भिकू : गुरुवारी मी चा घिऊन आलो. अण्णा नको म्हनलं हुतं, तरी रंभीनं वतला तर काय करायचा. हाक मारली. उत्तर न्हाई. पोतं सारून दार वडलं. धूर असा गुडघ्यापतुर बसल्याला, वर न्हाईच. शिडी चढून होडीत बघितलं तर ह्ये आडवं. मी आत उतरलो. तवा पुढनं इचारलं, कोण आहे?

हैबतराव : काय?

भिकू : तुमी सांगता तसंच. कोण आहे. वहिनी बोलायची तसं, शुद्ध. सवयीनं म्हनलं, मी भिकू. तर म्हनली, भावजी, बरं झालं आलात.

हैबतराव : तुला ओळखलं.

भिकू : व्हय.

हैबतराव : लगेच.

भिकू : लगीच. राग धरू नका.

हैबतराव : मी नऊ दिवस तिला सांगत होतो. तू आत उतरलास आणि लगेच.

भिकू : म्हनून तर गप ऱ्हायलो हुतो अण्णा.

दिशा : काका, तुम्हीही त्याच धुरात उभे होतात.

भिकू : हुतो की. दोन मिंटं. मला काय शास्तर कळत न्हाई. दिसभर माजंबी डोकं धरलं हुतं.

दिशा : बाबा बेशुद्धीत काही पुटपुटत असतील, तुम्हाला तिचा आवाज वाटला असेल.

भिकू : आसंल. त्यांची दातखीळ बसली हुती, पर आसंल.

हैबतराव : पुढे काय म्हणाली? तिचे शब्द सांग. तुझे नको.

भिकू : म्हनली, भावजी, हा एक माणूस रोज इथे येऊन बसतो. कोण आहे माहीत नाही. चांगला आहे बिचारा. मला गोष्ट सांगतो एका बाईची. आज सांगता सांगता पडला. त्याला घेऊन जा. पुन्हा येऊ देऊ नका, इथली हवा त्याला मानवत नाही.

हैबतराव : कोण आहे माहीत नाही, म्हणाली.

भिकू : व्हय.

हैबतराव : आवाज ओळखीचा वाटतो, असं काही?

भिकू : न्हाई म्हनली तसं. मी तुमास्नी उचलाय लागलो. तुमी जड. एका हातानं शिडी, एका हातानं तुमी. तर मागनं पुन्ना हाक. भावजी, एक विचारायचं राहिलं. त्याची गोष्ट अर्धी राहिली. ती बाई पोरीला घेऊन आगगाडीत बसली, पोर आठ महिन्यांची, गाडीत पोरीला ताप आला. इथवर आलाय तो. ती पोर वाचली का?

दिशा : कुठली पोर? मला कधी ताप आला होता गाडीत?

हैबतराव : भिकू, हे तुला कुणी सांगितलं?

भिकू : तिनंच.

हैबतराव : हे मी कुणाला सांगितलेलं नाही. दिशालाही नाही. लीलाला, हिच्या आईला, त्या प्रवासाचं नाव काढलेलं चालायचं नाही.

भिकू : मला काय म्हाईत. मला वाटलं, कुनाची तरी गोष्ट हाय.

दिशा : काका, तुम्ही काय सांगितलंत तिला?

भिकू : काय सांगनार? खांद्यावर अण्णा, डोळ्यातनं पानी, धड उभं ऱ्हावंना. आन हिला पोरीची पडलीया. पर इतक्या काकुळतीला येऊन इचारलं की मला न सांगता पळवंना. म्हनलं, वाचली. चांगली शिकली. हिंजवडीला हापिसात हाय, सोताची मोटार चालवती.

दिशा : मग?

भिकू : म्हनली, बरं झालं. मग काय न्हाई. मी खाली उतरलो, ह्येंना चिखलात निजवलं, आन पळत जाऊन रंभीला फोन लावाय सांगितला.

हैबतराव : म्हणजे तू संपवलीस.

भिकू : काय?

हैबतराव : गोष्ट. मी राखून ठेवली होती ती. तिथे पोचलो की ती ओळखणार होती.

भिकू : मला काय ठाव अण्णा. पोर म्हनली तवा डोळ्याम्होरं हीच आली, हिचंच सांगितलं.

हैबतराव : तिला हवं ते कळलं, आता आत कुणी नाही.

भिकू : नसंल.

हैबतराव : मी पुन्हा धुरी लावली तरी नाही.

भिकू : त्ये मला इचारू नका. पर येऊ देऊ नका म्हनलीया ती मला, आन मी व्हय म्हनलोय. तुमाला जायाचं आसंल तर मला आदी बाजूला करावं लागंल. आन मी काय हलत न्हाई.

हैबतराव : चांगला आहे, म्हणाली ना?

भिकू : चांगला आहे बिचारा. आसंच.

हैबतराव : म्हातारा नाही म्हणाली?

भिकू : न्हाई. माणूस म्हनली.

हैबतराव : दिशा, दार उघड. आत जाऊ नकोस. दाराच्या डाव्या हाताला शिडी आहे, ती बाहेरून लाव. प्लास्टिक वरून सुतळीने बांधलंय, कापायलाच लागेल.

दिशा : विळा आहे का कुणाकडे?

भिकू : हा घे. मी धरतो शिडी. भाईरनंच धरीन, सांगून ठिवतो.

दिशा : काका, कुठून कापू?

भिकू : शिडी धरलीया. तू वर बघ. त्या कोपऱ्यापासनं काप, म्हंजी समदं एकदम खाली येतंय.

हैबतराव : हळू. पाणी साचलंय वर, अंगावर येईल.

दिशा : आलंच. असू दे. बाबा, केवढी मोठी दिसते ही उजेडात. मला वाटलं होतं लहान आहे.

हैबतराव : झाकलेली होती.

दिशा : तुम्ही उठू नका. तिथेच बसा ओट्यावर. अजून दोन बाजू राहिल्यात, मला वेळ लागेल. तो ताप आला त्याचं सांगा.

हैबतराव : तिला आवडायचं नाही त्याबद्दल बोललेलं.

दिशा : मला सांगा. मी त्यात होते.

हैबतराव : विशाखापट्टणमहून निघालो तेव्हा तू बरी होतीस. सोलापूर सोडलं आणि तू रडायची थांबलीस. अंग असं, तव्यासारखं. डब्यात कुणीतरी म्हणालं, आता पोरीला बघू नका, आईला सांभाळा. ती कुणाला हात लावू देईना तुला, मलासुद्धा नाही. कुर्डुवाडीला गाडी उभी राहिली. मी म्हटलं, मी खाली उतरून डॉक्टर बघतो. तिने माझ्याकडे बघितलं, आणि तुला माझ्या हातात दिलं.